आक्कांची कानडी

आमच्या आक्कांशी भांडता येत नाही. मी पुष्कळदा प्रयत्न करून पाहिलाय. हायस्कूलमध्ये सतरा वर्षं गणित शिकवून माझा आवाज चढा झाला आहे, आणि स्वभावाबद्दल माझ्या विद्यार्थ्यांना विचारलंत तर तेही फारसं बरं सांगणार नाहीत. पण भांडायला समोरच्याचीही तयारी लागते. आपण तावातावाने दहा वाक्यं बोलावीत, आक्कांनी ती मान खाली घालून ऐकावीत, "बरं" म्हणावं आणि पिठात पाणी घालायला लागावं. मग आपण आपली दहा वाक्यं घेऊन स्वयंपाकघरात उभ्या.

आक्का म्हणजे माझ्या नणंद, शिवलीला. माझ्या नवऱ्यापेक्षा, बसवेशपेक्षा, चौदा वर्षांनी मोठ्या. सासूबाई लवकर गेल्यामुळे त्याला वाढवलं यांनीच. मग लग्न होऊन सीमेपलीकडे संकेश्वरला गेल्या, मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, आणि माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी त्या कोल्हापूरला भावाकडे परत आल्या. बसवेशचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. भावाच्या दुकानातली शाळू ज्वारी घ्यायची आणि उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत बसून कडक भाकऱ्या करायच्या, हा उद्योग त्यांनी स्वतःहून सुरू केला. कागदासारखी पातळ भाकरी, वर तीळ, तव्यावर भाजून मग मंद आचेवर इतकी वाळवायची की महिनाभर टिकावी. पुण्या-मुंबईला पोरं असलेल्या निम्म्या पेठेच्या आया आमच्या पडवीत येऊन गेलेल्या आहेत.

घरात बहीणभाऊ कानडी बोलायचे. मी कराडची. आमच्या माहेरची कानडी आजोबांबरोबरच संपली, त्यामुळे लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी या दोघांच्या तोंडाकडे बघत काढलं. ते हसले की मला वाटायचं, माझ्यावरच हसताहेत. आता मला माहीत आहे की बहुतेक वेळा ते शेंगदाण्याच्या चटणीबद्दल बोलत असत. पण तेव्हाचा राग कुठेतरी साठून राहिला होता आणि त्याला पुढे चुकीच्या ठिकाणी वाट मिळाली.

शिवांश झाला २०१५ साली, एप्रिलमध्ये. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी शाळेत आणि तो दिवसभर आक्कांपाशी. चालायला लागला वेळेवर, दात वेळेवर, खोड्या वेळेच्या आधी. बोलणं मात्र येईना. अडीच वर्षांचा झाला तरी "अं" आणि "म्म" एवढ्यावरच गाडी. समजायचं सगळं. "खालच्या कप्प्यातली लाल वाटी आण आणि अप्पांना दे" म्हटलं की तीच वाटी, बसवेशलाच. एकदा खिडकीत उभा राहून स्वच्छ "गाडी" म्हणाला. आम्ही सगळे धावलो, पेढे वाटायचे बाकी राहिले. पुढे महिनाभर त्याच्या मागे लागलो, पण तो शब्द गेला तो गेलाच.

सल्ले मिळाले. मुलगे उशिरा बोलतात. बाप कुठे लवकर बोलत होता. वेखंड मधात उगाळून जिभेला लावा. पोपटाने उष्टावलेला पेरू खायला घाला. पोपटाचा पेरू मिळवायला बसवेश एका रविवारी राधानगरी रोडवरच्या एका बागेत तीन तास झाडाखाली उभा होता, हे मी कौतुकाने सांगते आहे. वेखंडही लावून झालं. कानांची तपासणी झाली, कान उत्तम निघाले. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरात भाषा किती?" मी म्हटलं, "दोन." ते म्हणाले, "मग गोंधळतं मूल. एकच ठेवा."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. गुन्हेगार सापडला होता, आणि तो मी नव्हते. त्याच दिवशी घरी येऊन चपला काढायच्या आधी मी आक्कांना सांगितलं, "उद्यापासून शिवांशसमोर कानडी बंद. एक शब्दसुद्धा नको. तुमच्या कानडीनं त्याचं डोकं गोंधळलंय." अजून बरंच बोलले. ते इथे लिहायची मला लाज वाटते.

आक्का म्हणाल्या, "बरं."

मी सांगितलं त्यापेक्षा जास्त त्यांनी पाळलं. त्यांची मराठी कोल्हापूरच्या बाजारात शिकलेली, इथल्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" म्हणणारी, आणि दर चौथ्या शब्दाला त्यात कानडी डोकवायची. चुकून एखादा शब्द जाईल या भीतीने त्या शिवांशशी बोलेनाशाच झाल्या. त्याला भरवताना गप्प, अंघोळ घालताना गप्प. सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला कानडी वचनं म्हणायच्या, तीही ओठ मिटून व्हायला लागली. बसवेशने एकदा मला म्हटलं, "आक्का लई गप्प झाली गं." मी म्हटलं, "मुलापेक्षा मोठं आहे का ते?" तो दुकानात निघून गेला.

अशी दीड वर्षं गेली. शिवांश चार वर्षांचा व्हायला आला. शब्द आले नाहीत, राग आला. काही हवं असलं आणि आम्हाला कळलं नाही की भिंतीवर डोकं आपटायचा, माझ्या दंडाला चावायचा. संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसून "म्हण, पाणी दे. म्हण, आई ये" असा तास घ्यायची. तो माझ्या तोंडाकडे बघून तोंड उघडायचा, ओठ इकडेतिकडे न्यायचा, आणि शेवटी रडायचा. मीही रडायची. तास संपायचा.

माघातल्या रविवारी कोल्हापूरकर जोतिबाला पायी खेटे घालतात. त्या वर्षी मी नवस बोलले होते की पाचही खेटे घालीन. तिसऱ्या खेट्याला डोंगरावर गुलाल-खोबऱ्याची उधळण चालली होती, बसवेशने शिवांशला खांद्यावरून उतरवलं, मी नारळ घेतला, आणि वळून बघते तर मुलगा नाही. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. नाव घेऊन ओरडत होते, आणि ओरडतानाच कळत होतं की त्याला ऐकू गेलं तरी ओ देता येणार नाही. मग लाउडस्पीकरवर सूचना झाली. "निळा शर्ट घातलेला एक मुका मुलगा सापडला आहे. त्याच्या आईवडिलांनी पेढ्यांच्या दुकानांच्या रांगेत यावं." मुका हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या आवाजात ऐकला.

एका पेढेवाल्याने त्याला आपल्या गल्ल्याशेजारी बसवून घेतलं होतं. शिवांशच्या तोंडावर गुलाल आणि पेढा. मी त्याला छातीशी धरलं आणि पेढेवाल्याचे आभार मानायच्या ऐवजी त्याच्यावरच तुटून पडले, "मुका कोणी सांगितलं तुम्हाला? तो मुका नाहीये."

तो माणूस चिडला नाही. म्हणाला, "मी न्हाय म्हटलं, बाई. ती माइकवाली पोरं म्हटली. मी मगापास्नं बगतोय न्हवं त्येला. नाव इचारलं की तोंड उघडतंय, व्हट हलिवतंय, जीव खाऊन बगतंय. मुकं असं करत न्हाय. त्येच्या आत हाय सगळं, भाईर येईना झालंय. माझ्या भाचीचं पोरगं आसंच हुतं." मग बसवेशकडे वळून, "पावणं, राजारामपुरीत वर्षाराणी मॅडम हाईत. बोलायला शिकिवत्यात. एकदा जाऊन तर बगा की." आणि पेढ्याच्या खोक्यावर नंबर लिहून दिला.

कान तपासणाऱ्याला, डॉक्टरला, मला, पोराच्या आईला, जे दिसलं नाही ते या माणसाला गिऱ्हाईक करता करता दिसलं. दर माघात मी त्याच्या दुकानात जाते. तो पेढ्याचे पैसे घेतो, ते बरं आहे, नाहीतर मला जाता आलं नसतं.

वर्षाराणी मॅडम म्हणजे तिशीतली, चष्मा लावणारी, हळू बोलणारी बाई. राजारामपुरीत एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या, खाली सतरंजी, भिंतीला मोठा आरसा. दोन दिवस त्यांनी शिवांशला नुसतं खेळवलं आणि बघितलं. साबणाचे फुगे फुंकायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, एकच शब्द पाच वेळा म्हणायला लावला. पाचही वेळा वेगळंच काहीतरी निघालं. मग आम्हाला बसवून त्यांनी सांगितलं.

"याला चाइल्डहूड अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच म्हणतात. मला तरी याची सगळी लक्षणं तशीच दिसतात. काय बोलायचं ते याला पक्कं ठाऊक आहे. जीभ, ओठ अशक्त नाहीत. पण कुठल्या आवाजानंतर कुठला, जीभ कधी उचलायची, ओठ कधी मिटायचे, हा हुकूम मेंदूकडून नीट क्रमाने पोचत नाही. आपण विचार न करता बोलतो. याला प्रत्येक शब्द शिकावा लागेल, सायकल शिकतात तसा, पुन्हा पुन्हा. तो आळशी नाही आणि हट्टीही नाही."

"बरा होईल?" बसवेशने विचारलं.

"वेळ लागेल. वर्षं लागतील. किती बोलेल ते मी आज सांगणार नाही. पण बोलता येईल असं मला वाटतं. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे आणि रोज घरी, दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा." मग माझ्याकडे बघून, "दिवसभर हा कोणाजवळ असतो?"

"माझ्या नणंदेजवळ."

"मग पुढच्या वेळी त्यांना आणा. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मला राग आला. मुलाच्या आईला नाही आलात तरी चालेल म्हणजे काय? मी अर्थातच गेले.

आक्का इरकली साडी नेसून, कपाळाला भस्म लावून, खुर्चीच्या कडेवर बसल्या. मॅडमनी विचारलं, "आत्याबाई, तुम्ही दिवसभर याच्याशी काय काय बोलता?"

"लई न्हाय बोलत मी."

"का बरं?"

"मला मराठी धड येत न्हाय. आनि कानडी बोलायचं न्हाय असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "घरात ठरलं," एवढंच म्हणाल्या.

दीड वर्षाने या बाईला तक्रार करायची संधी मिळाली होती, तीही डॉक्टरीण म्हणावी अशा बाईसमोर, आणि ती मला पाठीशी घालत होती. मी म्हटलं, "मी ठरवलं. मी बंद केली."

मॅडम ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "दोन भाषांनी हा त्रास होत नाही. एका भाषेच्या घरातली मुलंही माझ्याकडे येतात. तुम्हाला कुणी तसं सांगितलं असेल. पण आता ती बंदी उठवा. या मुलाला जितकी बोलणारी माणसं मिळतील तितकी हवीत." मग वही उघडून आक्कांना, "कानडीत 'ये' कसं म्हणता?"

"बा."

"आणि 'आण', 'दे'?"

"ता."

मॅडमचा चेहरा उजळला. "अहो, याच्यासाठी याहून सोपे शब्द मी शोधून काढले नसते. 'बा'. ओठ मिटायचे आणि उघडायचे. एवढ्यात तो माणसाला बोलावू शकतो. इथूनच सुरू करू." मी दीड वर्षं त्याला "पाणी दे" आणि "आई ये" म्हणायला लावत होते. "आई" या शब्दातसुद्धा एका स्वरावरून दुसऱ्यावर जावं लागतं आणि ते त्याला तेव्हा फार जड होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रिक्षात आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. बिंदू चौक आला तेव्हा त्यांनी शिवांशला मांडीवर ओढून त्याच्या कानात कानडीत काहीतरी सांगितलं. लांबलचक सांगितलं. तो हसला. मी काय म्हणून विचारलं नाही.

सराव कसा करायचा ते मॅडमनी दाखवलं होतं. समोरासमोर बसायचं, त्याला आपलं तोंड दिसलं पाहिजे, एक आवाज, थांबायचं, पुन्हा तोच आवाज, हाताने ठेका धरायचा. आक्कांना दहा मिनिटं रिकाम्या हाताने बसणं ठाऊक नव्हतं. त्यांनी ठेका भाकरीवर धरला. इतकी वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून थापायला बसत. ती बैठकच त्यांनी फिरवली. शेगडी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली, भाकरी थापायची काटवट मधे, पलीकडे पाटावर शिवांश, त्याच्यापुढे पिठाचा एवढासा गोळा. आक्कांचा हात भाकरीवर पडला की "बा". शिवांशचा हात त्याच्या गोळ्यावर पडायचा, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पुन्हा हात, पुन्हा "बा". एका भाकरीला तीस-चाळीस हात पडतात. दिवसाला किती भाकऱ्या होत्या त्याचा हिशोब गणिताच्या बाईंनी केला नाही.

पहिल्या आठवड्यात मॅडमनी त्यांना अडवलं, "आत्याबाई, फार भराभर. एक हात, एक आवाज, मग थांबा. त्याला वेळ द्या." आक्कांचा हात म्हणजे पेठेतला सगळ्यात चपळ हात. तो त्यांनी सावकाश केला. भाकऱ्या कमी व्हायला लागल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली, एक बाई माझ्यादेखत म्हणाली, "आक्का, वय झालं व्हय आता?" आक्का म्हणाल्या, "व्हय, झालं." पुढच्या महिन्यात त्यांनी निम्म्या ऑर्डरी सोडूनच दिल्या. त्यांचं स्वतःचं असं दुसरं काही नव्हतं, एवढाच तो उद्योग होता. मला त्यांनी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

जूनमध्ये माझी शाळा सुरू झाली. मंगळवारी आक्का त्याला रिक्षाने न्यायच्या, शुक्रवारी मी. त्या पहिल्याच शुक्रवारांपैकी एक. शाळेतून येऊन मी उंबऱ्याशी चपला काढत होते. शिवांश दारात उभा होता. त्याने ओठ घट्ट मिटले. सगळा चेहरा ओढला गेला, मान ताठ झाली, आणि आवाज आला. "बा."

मग त्याने माझ्या ओढणीचं टोक धरून ओढलं. पुन्हा, "बा." मला आत बोलावत होता.

मी उंबऱ्यावरच बसले. त्याला म्हटलं, "आले रे, आले." रडत होते, हसत होते, त्याच्या ओठांना हात लावून बघत होते. दुकानात फोन केला तर बसवेश गल्ला तसाच सोडून निघाला. आक्का पडवीच्या दारात उभ्या होत्या. मी ओरडून सांगितलं, "आक्का, बोलला! मला बा म्हणाला!"

"व्हय? म्हनला?" आक्का म्हणाल्या. "चांगलं झालं की." आणि आत वळल्या.

इतका कोरडा आवाज, की माझा आनंद क्षणभर थांबला. ज्या बाईने तीन महिने रोज हा शब्द घडवला तिला एवढंच वाटावं? मनात म्हटलं, माझ्यावरचा राग आहे, आणि असणारच. मग शिवांशने पुन्हा ओढणी ओढली आणि मी सगळं विसरले.

पुढचं सगळं सावकाश घडलं, आणि ते सगळं सांगत बसले तर दिवस पुरणार नाही. "बा" नंतर "ता" आला दोन महिन्यांनी. "अप्पा" आला, "अत्ती" आला, म्हणजे आत्या. "आई" यायला दुसरी दिवाळी उजाडली. शब्द यायचे, जायचे, पुन्हा यायचे. लॉकडाऊनमध्ये राजारामपुरी बंद झाली तेव्हा मॅडम मोबाइलवर, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला, आणि आक्का काटवटीपाशी. बाहेर जगाने तोंडाला मास्क लावले, आमच्या घरात मात्र दिवसभर एकमेकांची तोंडं बघणं चालू होतं. बसवेशला भीती होती की मॅडमनी चित्रांची कार्डं आणि खुणा शिकवल्या तर पोरगं बोलायचा कंटाळा करेल. झालं उलटंच, कार्ड दाखवून मागता यायला लागल्यावर त्याचं डोकं आपटणं थांबलं आणि बोलायला उसंत मिळाली. एका शाळेने त्याला प्रवेश नाकारला, दुसरीने हसत घेतला. पहिलीच्या बाई धैर्यशील नावाच्या मुलाशेजारी त्याला बसवायच्या. तो वर्गात सगळ्यांना सांगायचा, "थांबा रे, त्येचं वाक्य संपू दे." त्या पोराला मी अजून वाढदिवसाला डबा पाठवते.

आता शिवांश दहा वर्षांचा आहे. हळू बोलतो. लांब शब्द तोडून बोलतो, "र" कधीकधी निसटतो, दमला की शब्द अडखळतात. पण बोलतो, आणि अनोळखी माणसाला समजतं. मराठी बोलतो आणि कानडी बोलतो. आक्कांशी कानडीत वाद घालतो आणि माझ्याशी मराठीत. मॅडम आता महिन्यातून एकदाच बोलावतात.

या जूनमध्ये त्याला हायस्कूलला जायचं होतं, म्हणून मॅडमनी त्याची जुनी फाइल मला दिली. "नव्या शाळेला दाखवा. आणि सुरुवातीची पानं तुम्ही एकदा वाचा. मीही परवा बऱ्याच वर्षांनी वाचली." खाली येऊन गाडीला किल्ली लावायच्या आधी मी ती उघडली. मॅडमच्या बारीक अक्षरात तारखा होत्या.

१८ जून २०१९, मंगळवार. आज दुपारी घरी 'बा' म्हणाला. आत्यासमोर, भाकरी थापताना. अकरा वेळा. आत्यांची विनंती, आईला सांगू नये. तिला आपणहून ऐकू दे.

त्याखाली, २१ जून, शुक्रवार. आईला म्हणाला.

मी गाडी तिथेच लावून ठेवली आणि स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने पाणी आणून दिलं. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की त्याचा टिकलेला पहिला शब्द मला मिळाला, आणि आक्का तो किस्सा शेजारी बसून प्रत्येक वेळी ऐकत होत्या.

घरी आले तर पडवीत दोघं होती. शिवांश गृहपाठ करत होता, आक्का तीळ निवडत होत्या. मी फाइल त्यांच्यापुढे धरली. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली.

"मॅडमनी लिवलं व्हय ते?" त्या म्हणाल्या. "लिवू नगा म्हटलंतं मी."

"आक्का, का नाही सांगितलंत? त्या दिवशी काय झालं ते तरी आता सांगा मला. सगळं सांगा."

त्यांनी सुरुवात केली, दोन शब्द झाले आणि थांबल्या. "मराठीत न्हाय यायचं मला ते."

"मग कानडीत सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागल्या. आधी सावकाश, मग भरभर, हात हलवत. मी इतक्या वर्षांत थोडी कानडी उचलली आहे, पण एवढी नाही. मी शिवांशकडे बघितलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"अत्ती म्हणते," तो म्हणाला, आणि थांबला, कारण लांब सांगायचं असलं की तो आधी मनात जुळवतो. "मंगळवारी... मी बोललो. मग ती... देवापुढे जाऊन बसली. मग रोज संध्याकाळी, तू यायच्या वेळी... ती मला दारात उभं करायची. आणि आत जायची. तू यायचीस. मी तोंड उघडायचो, पण येत नव्हतं. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. गुरुवारी नाही. ती आतून बघायची. तीन दिवस... तिला जेवण गेलं नाही."

"तिला विचार," मी म्हटलं, "एवढं कशाला करायचं? पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं होतं."

त्याने विचारलं. आक्का तिळाच्या सुपाकडे बघत काहीतरी थोडकंच म्हणाल्या.

"म्हणते, तू दिवसभर... शाळेत. दुसऱ्यांच्या मुलांशी बोलत असायचीस. आपला मुलगा... पहिल्यांदा... तूच ऐकायला पाहिजे होता."

हे वाक्य त्याने बरेच तुकडे करून सांगितलं. मला ते सगळं समजलं.